वचनांचा डबा

“चिठ्ठीवर कुणी नोकरी सोडतं का, बाबा?”

“चिठ्ठी म्हणू नकोस. वचन म्हण.”

“बरं, वचन. वचनावर कुणी नोकरी सोडतं का?”

सोनमचा आवाज एवढा चढला की अंगणात काजूच्या बिया वाळत टाकणाऱ्या सुविधाताईंनी मान वर करून बघितलं. मनीषानं पुढं होऊन जनेलाची फळी लोटली. घरमालकिणीला सगळं कळतच होतं; बारा वर्षांत भिंतीपलीकडून काय ऐकायचं राहिलं होतं? पण निदान आपण खिडकी लावली, एवढं समाधान.

“तू हळू बोल,” ती लेकीला म्हणाली.

“मीच हळू बोलू? सकाळी बाबा उपासनेत तीस माणसांसमोर उभं राहून सांगतात, देवानं मला थांब म्हटलंय, मी सही करणार नाही. तेव्हा नाही कुणी हळू बोललं!”

“साक्ष होती ती,” अविनाश म्हणाला. तो ताटावर बसला होता, पण भात होता तसाच होता. “साक्ष हळू देत नाहीत.”

पलंगावर बसलेल्या गंगाबाईंनी सुपारी कातरायची थांबवली. “बापाला उलटून बोलायला तिथं कालेजात शिकिवत्यात व्हय गं? नर्स व्हायलीस म्हंजी लई श्यानी झालीस?”

“शहाणी नाही आज्जी, पण मला घड्याळ कळतं. उद्या दुपारी एक वाजता मुदत संपतेय.”

ते सगळ्यांनाच कळत होतं. गोव्यातल्या लाटंबार्श्याच्या औद्योगिक वसाहतीतला, औषधांच्या काचेच्या बाटल्या करणारा तो कारखाना मेअखेर बंद व्हायचा होता. यंत्रं उचलून हिमाचलात, बद्दीला जाणार होती, आणि ज्यांना यंत्रांबरोबर जायचं त्यांनी संमतीच्या कागदावर सही करायची होती. सही नाही केली तर हिशेब घ्यायचा आणि घरी बसायचं. अविनाशला एक्कावन्नावं लागलं होतं. या वयाच्या फिटरला नव्यानं कोण उभं करून घेतो, हे वसाहतीच्या फाटकावरचा वॉचमनही सांगू शकला असता. सोनमच्या नर्सिंगचं शेवटचं वर्ष अजून संपायचं होतं. गंगाबाईंना साखरेच्या आजाराच्या गोळ्या लागत.

आणि अविनाश म्हणत होता, देव करील.

हे त्याचं म्हणणं हवेतलं नव्हतं. त्यांच्या, सातवेकरांच्या, घराची एक रीत होती. एकतीस डिसेंबरला चर्चची मंडळी प्रार्थनेला जमली की मध्ये एक पत्र्याचा डबा ठेवत. डब्यात शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, एकेक ओळ लिहिलेल्या चिठ्ठ्या, बारीक गुंडाळून दोऱ्यानं बांधलेल्या. प्रत्येकानं डोळे मिटून एक उचलायची. जे निघेल ते तुमचं वर्षाचं वचन. कुणी ते पाकिटात ठेवी, कुणी आरशाला चिकटवी, गंगाबाई चंचीत ठेवत. बहुतेकांसाठी ती वर्षाची गोड सुरुवात असे, तेवढीच. अविनाशसाठी तो हुकूम होता. यंदा त्याला इसहाकाचं वचन निघालं. दुष्काळ पडला होता, इसहाक मिसर देशाला निघाला होता, आणि देवानं त्याला सांगितलं की तिकडं उतरू नकोस, याच देशात राहा, मी तुझ्याबरोबर असेन. फेब्रुवारीत कारखान्याचं पत्र आलं, तेव्हा अविनाशनं पाकिटातली चिठ्ठी काढून पत्रावर ठेवली आणि विषय मिटवला. त्यातून गेल्या गुरुवारी उपास करून त्यानं पुन्हा एकदा डब्यात हात घातला. पुन्हा इसहाक!

“एकदा असतं तर म्हटलं असतं योगायोग,” तो आता म्हणाला. “दोनदा, सोनम. शंभरावर चिठ्ठ्यांतनं दोनदा तेच. आता तूच सांग.”

सोनम आईकडं वळली. “आई, तू तरी बोल ना! तू काही बोलतच नाहीस.”

मनीषा अविनाशच्या ताटातला गार भात काढून गरम वाढत होती. तिला बोलायला तोंड नव्हतं. डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या तिच्या हातच्या होत्या, आणि त्यातल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर तिनं इसहाकाचं तेच एक वचन लिहिलं होतं.

मनीषा कोल्हापूरला मिशनच्या वसतिगृहात वाढली. तिथं तिला दोन गोष्टी मिळाल्या, वळणदार अक्षर आणि मोजून वाढायची सवय. दोन हजार एकला लग्न होऊन ती डिचोलीला आली. अविनाश तेव्हा खाणीवरच्या ट्रकांचा मेकॅनिक होता. घरात शिरल्यावर पहिल्याच डिसेंबरात सासूनं वचनांचा डबा तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, “तुझं अक्षार चांगलंय म्हंत्यात. फाटल्यात त्या, नव्या लिव.” तेव्हापासून चिठ्ठ्या तिच्याकडं आल्या. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं कापायची, लिहायचं, गुंडाळायचं. कुणी कधी तपासायला आलं नाही. मिठाच्या बरणीत मीठच आहे ना, हे कोण तपासतं?

दोन हजार बाराला खाणी बंद पडल्या. त्या वर्षअखेरीस अविनाशच्या हाताला अब्राहामाचं वचन लागलं. घरदार सोडून, मी दाखवीन तिकडं चल, अशा अर्थाचं. महिनाभरात त्यानं बिऱ्हाड आवरलं आणि चौघांना घेऊन कर्नाटकात बळ्ळारीला गेला, तिथल्या खाणी पुन्हा सुरू होतायत असं कळलं म्हणून. चौघं म्हणजे गंगाबाई, मनीषा, दहा वर्षांची सोनम आणि पाच महिन्यांचा आशिष. पत्र्याची खोली, टँकरचं पाणी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पोराला जुलाब सुरू झाले. गाडी मिळेपर्यंत दुपार झाली, दवाखाना येईपर्यंत पोर राहिलं नाही.

वर्षभरानं ते गोव्यात परत आले, लाटंबार्श्यात सुविधाताईंच्या दोन खोल्या घेतल्या. मनीषा कुणाला काही बोलली नाही. रडणंसुद्धा तिनं आटोपशीर केलं. फक्त त्या डिसेंबरात चिठ्ठ्या नीट करताना अब्राहामाची चिठ्ठी हातात आली, आणि तिनं ती चुलीत घातली. एकच. पुढच्या वर्षी आणखी दोन काढल्या. मोशेला मिसरातून लोकांना घेऊन निघायला सांगितलं ती, आणि शिष्यांना झोळी न घेता पाठवलं ती. मग दरवर्षी थोड्या थोड्या. निघा, चला, सोडा, असं ज्या ज्या चिठ्ठीत असेल ती गेली. उरल्या त्या सगळ्या मऊ. मेंढपाळ, पंख, विसावा, सावली. मंडळीतल्या बायका म्हणत, मनीषावहिनींच्या डब्यातनं कसं गोड गोडच निघतं.

आणि गेल्या नोव्हेंबरात पाण्याच्या नळावर कुणीतरी सांगितलं की कारखाना हलणार आहे. त्या डिसेंबरात ती लिहायला बसली आणि इसहाकाचं वचन एकदा लिहिलं. मग पुन्हा लिहिलं. मग मोजलंच नाही. आपण प्रार्थनाच करतोय, असं तिनं स्वतःला सांगितलं. एकतीसच्या रात्री अविनाशला ते निघालं, तसं मंडळीतल्या मारुतीच्या मेव्हणीलाही निघालं. सोनम म्हणाली होती, “आई, दोन सारख्या?” आणि ती म्हणाली होती, “चुकून दोनदा लिहिलं गेलं असेल.”

“मी काय बोलणार,” ती आता म्हणाली. “जेवा आधी.”

सोनमनं कपाळावर हात मारला आणि आतल्या खोलीत निघून गेली.

*

खरकटी भांडी घेऊन मनीषा मागच्या दारी आली. सुविधाताई सूप घेऊन तिकडंच आल्या होत्या, काजूच्या बियांतला पाला पाखडायला. बाई साठीची, पण तोंड पंचविशीतलं.

“काय गो, आज प्रार्थना लांबली तुमची! अजून आवाज येतोय.”

मनीषा ओशाळली. “तुम्हाला त्रास झाला का, ताई?”

“त्रास कसला? आमचा टीव्ही बंद पडलाय, तेवढंच बरं.” त्यांनी सूप खाली ठेवलं. “तुझा घोव सही करत नाही म्हणे?”

“नाही म्हणतात. देवानं सांगितलंय थांबायला.”

“आमच्याकडे पण तीच तऱ्हा.” सुविधाताई जवळ आल्या. “वरची काजूची जागा आहे ना, तिला गिऱ्हाईक आलंय. दिल्लीवालो. मोपाला विमानं उतरायला लागल्यापासून यांना आमचे डोंगर दिसायला लागले. माझा मुलगा कृष्णनाथ म्हणतो विकूया. मी म्हटलं, आधी देवाला विचारू. गेले कौल घ्यायला. तुला ठाऊक आहे ना, देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावतात? उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको.”

“मग?”

“पडली उजवी! विक म्हणून.” सुविधाताईंनी डोळे मोठे केले. “मी म्हटलं, देवा, घंटा वाजत होती, मला नीट ऐकू आलं नाही. परत सांग. परत उजवी. मी म्हटलं, बाबा, शेवटचं विचारते. तिसऱ्या वेळेला सांगितलंन डावी. मी लगेच नारळ ठेवला आणि धावत घरी.” त्या खो खो हसल्या. “घरातनं निघतानाच मी ठरवून गेलेली, विकायची नाही. मग देवाला एवढं दमवलं कशाला, हे कृष्णनाथ विचारतो. मी म्हटलं, तुझ्यासाठी. माझं तू ऐकतोस कुठे?”

मनीषाला हसू आलं नाही. तिच्या हातातलं भांडं तसंच राखेत राहिलं.

“काय गो, रागावलीस? मस्करी केली.”

“नाही ताई.”

“तोंड का असं मग? पित्त झालं काय?”

तेवढ्यात पुढच्या बाजूला स्कूटर थांबल्याचा आवाज आला, आणि मारुतीची हाक ऐकू आली. “दादा, आहात का घरात?”

*

मारुती बेळगावकडचा, एकोणतिशीचा पोरगा, अविनाशच्याच कारखान्यात पॅकिंगला. चार वर्षांपूर्वी तो मंडळीत आला तो अविनाशचं बोट धरून. बायको बाळंत होऊन तीन महिने झाले होते. तो सहसा दारात चपला काढताना दोन विनोद तरी करी. आज सरळ आत येऊन चटईवर बसला.

“दादा, सकाळची तुमची साक्ष ऐकली आणि माझं जेवण गेलं नाही बघा. मी पेनाला टोपण काढून बसलो होतो. उद्या गेल्या गेल्या सही करणार होतो. आणि तुम्ही उभं राहून म्हणालात, देवावर भरवसा ठेवणारा माणूस कागदाला भीत नाही. ते माझ्यासाठीच होतं.”

अविनाशच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी उजेड आला. “प्रभूनंच बोलायला लावलं, मारुती.”

“पण बायको म्हणते, दादांना वचन मिळालंय, तुम्हाला कुठं मिळालंय? तिचंही खरंच आहे. म्हणून आलो. मला पण एक काढू द्या. जे निघेल ते. थांब म्हटलं तर थांबतो, जा म्हटलं तर जातो.”

“देवाला मनापासनं विचारलं की तो सांगतो,” अविनाश म्हणाला. “मनीषा, डबा आण.”

मनीषा मागच्या दारातून आत आली होती, हात राखेचे. ती जागची हलली नाही. सोनम दारात येऊन उभी राहिली.

“अगं, डबा.”

“हात धुते,” मनीषा म्हणाली. तिनं हात धुतले. बराच वेळ धुतले. शेवटी अविनाशच उठला, कपाटावरचा डबा काढून चटईवर ठेवला. मारुती गुडघ्यांवर बसला, डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते. गंगाबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

डब्यात जा म्हणणारी चिठ्ठीच नाही, हे मनीषाला माहीत होतं. हा पोरगा डोळे मिटून देवाला विचारतोय, आणि उत्तर मी डिसेंबरातच लिहून ठेवलंय. तीन महिन्यांचं पोर आहे याला.

मारुतीचा हात डब्याकडं गेला, तसा तिनं पुढं होऊन झाकणावर तळवा दाबून धरला.

“नको.”

“काय झालं?” मारुतीनं डोळे उघडले.

“काढू नकोस.”

“मनीषा, बाजूला हो,” अविनाश म्हणाला. “देवाच्या वचनाच्या आड येतेस?”

“आड आलेलीच आहे. बारा वर्षं झाली.” तिनं तळवा उचलला नाही. “यातनं त्याला जायला सांगणारं काही निघणारच नाही. मी ते ठेवलंच नाही.”

कुणालाच समजलं नाही. तिनं झाकण काढलं आणि अख्खा डबा चटईवर पालथा केला. “सोनम, सोड एकेक. वाच.”

सोनम खाली बसली. पहिली सोडली, दुसरी सोडली. “मेंढपाळ... पंखांची सावली... इसहाक... भिऊ नको... इसहाक...” तिचा आवाज हळू होत गेला. ती इसहाकाच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवू लागली. खोलीत कागद उलगडल्याचा तेवढा आवाज होता. शेवटची वाचून झाल्यावर तिनं मोजल्या. “या नऊ. बाबांच्या पाकिटातली एक. मारुतीकाकांच्या मेव्हणीची एक. अकरा.”

“अकरा?” अविनाश म्हणाला.

“कारखान्याचं मला नोव्हेंबरातच कळलं होतं,” मनीषा म्हणाली. “मला जायचं नव्हतं.”

“अन् गुरुवारची?”

“गुरुवारची तुम्ही परत डब्यात टाकलीत. ती यातच आहे. तुम्ही दहा वेळा हात घातला असता तरी निघा म्हणणारी निघाली नसती. तसल्या सगळ्या मी जाळल्या. पहिली अब्राहामाची जाळली.”

अविनाशनं तिच्याकडं असं बघितलं की सोनम मध्ये येऊन उभी राहिली. त्यानं खुंटीवरची पाना-पक्कडीची पिशवी घेतली आणि मागच्या दारानं निघून गेला. राग आला की तो घरातलं काहीतरी उघडून दुरुस्त करायला बसे.

गंगाबाईंनी चंचीतून आपली चिठ्ठी काढून बोटांवर धरली. “म्हंजी ही बी तुझीच?”

“माझीच, आत्या.”

“काय लिवलंय हीत? सोनीनं वाचून दावलं हुतं, म्या इसरलो.”

“म्हातारपणीही मी तुम्हाला वाहून नेईन, असं.”

म्हातारी बराच वेळ ती चिठ्ठी बघत राहिली, वाचता येत असल्यासारखी. “शास्तरातलंच हाय न्हवं?”

“शास्त्रातलंच आहे. सगळीच आहेत.”

“मग माझी ठीवतो मी.” तिनं ती परत चंचीत घातली. “आमी बाप्तिस्मा घेतला तवा गावानं पाणी बंद क्येलं. तुझ्या सासऱ्यानं इचारलं, ऱ्हायाचं का जायाचं? मला लिवता येत न्हवतं, त्येला बी येत न्हवतं. कसली चिट्टी अन् कसलं काय. दोगं रातभर बोललो. सकाळी भाकऱ्या बांधल्या.” तिनं सुनेकडं बघितलं. “हा डबा तर त्येच्या मागनं आला, कुणीतरी मडमेनं दिलेला. बिस्कुटाचा हुता.”

मारुती अजून गुडघ्यांवरच होता. “मग मी काय करू, वहिनी?” त्याच्या आवाजात रडू होतं. “मी कुणाला विचारू?”

“घरी जा. बायकोजवळ बस. दोघं मिळून प्रार्थना करा, आणि मग दोघांना जे सुचतं, जे पटतं, ते करा.”

“आणि ते चुकलं तर?”

मनीषाला उत्तर गोड करून द्यायची सवय होती. तेच तिच्या जिभेवर आलं आणि तिनं गिळलं. “चुकू शकतं. मला माहीत नाही, मारुती. पण माझ्या अक्षरावर पोराला घेऊन बसू नकोस.”

तो उठला. चपला घालताना त्याचे पाय उलटसुलट गेले, त्यानं त्या परत काढून घातल्या. स्कूटरचा आवाज काजूच्या बागेपलीकडं गेला.

*

मागच्या अंगणात अविनाशनं नळाची तोटी उघडून ठेवली होती. ती गळतही नव्हती. बाल्दी पालथी घालून तो तिच्यावर बसला होता, आणि सुटे भाग फडक्यावर मांडलेले. सुविधाताई केव्हाच सूप उचलून घरात गेल्या होत्या. जायचं कधी, हे त्या बाईला बरोबर कळे.

मनीषा धुण्याच्या दगडावर बसली.

“बारा वर्षं,” तो वर न बघता म्हणाला. “मी देवाचं म्हणून वाचत होतो आणि ते तू लिहीत होतीस. आज तीस माणसांपुढं माझं हसं केलंस.”

“केलं.”

“पुढच्या रविवारी उभं राहून काय सांगू?”

“मी सांगीन. माझी चूक मी सांगीन.”

“चूक!” त्यानं पाना फडक्यावर आपटला. “तुला जायचं नव्हतं तर मला सांगायचं. तोंड नव्हतं तुला?”

“बळ्ळारीच्या वेळी सांगितलं होतं. पोर लहान आहे, उन्हाळा जाऊ दे. तुम्ही म्हणालात, देवानं सांगितलंय. त्याच्यापुढं मी काय बोलणार होते? तुम्ही म्हणाला असता की मला वाटतंय म्हणून जाऊ या, तर मी भांडले असते. कदाचित जिंकलेही असते.”

बारा वर्षांत बळ्ळारीचं नाव दोघांच्या तोंडातून एकमेकांसमोर निघालं नव्हतं. मंडळीत कुणी विचारलं, सोनमनंतर काय, तर दोघंही म्हणत, एक होता.

“पोराचं तू माझ्यावर धरून ठेवलंस,” तो शेवटी म्हणाला.

“तुमच्यावर धरलं असतं तर बरं झालं असतं. मी देवावर धरलं.” हे तिनं कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. “रोज प्रार्थना म्हटली, उपासनेला चहा केला, गाणी म्हटली. पण त्याच्या हातात पुन्हा काही दिलं नाही. म्हटलं, हा पुन्हा चल म्हणायला नको. ते शब्दच मी घरात ठेवले नाहीत.”

अविनाश तोटीतला रबराचा वायसर बोटात फिरवत होता. त्याचा आवाज बदलला.

“मलाही एक सांगायचंय. एकतीसला इसहाक निघाला ना, तेव्हा मी गुडघ्यांवर रडलो. सगळ्यांना वाटलं आनंदानं. मला कारखान्याची कुणकुण तुझ्या आधीपासनं होती. मी नुसता सुटलो होतो. पुन्हा कुठं घेऊन जायला नको, पुन्हा कुणाला काही व्हायला नको. सही न करण्यात कसलाही भरवसा नव्हता. भीतीच होती, आणि मी तिला साक्ष म्हणून उभी केली.” त्यानं नाक पुसलं. “आणि त्या मारुतीलाही नादी लावणार होतो.”

मग त्यानं विचारलं, “आता कसं कळायचं देवाला काय पाहिजे ते?”

“मला माहीत नाही.”

“पाळकांना फोन करू? पेडण्याहून येतील संध्याकाळपर्यंत.”

“त्यांच्यापुढंही हाच कागद ठेवणार आपण. ते म्हणतील प्रार्थना करा.”

“मग करू या.”

तिथंच, सुट्या तोटीसमोर, त्यांनी प्रार्थना केली. अविनाशची प्रार्थना एरवी लांब असे, आज दोन वाक्यांत अडली. मनीषानं एवढंच म्हटलं की प्रभू, मी तुझ्यावर रागावले होते, अजून आहे, आणि मला भीती वाटते. आमेन म्हणायचं राहिलं. ती डोळे उघडून बसली. काही झालं नाही. आतून कुणी बोललं नाही, छातीत उबदार वाटलं नाही. समोर नळ होता आणि त्याचे तुकडे.

मग ती नुसता विचार करू लागली, दिवसाउजेडी, जसा भाजी आणताना करते. या वयात यांना इथं काम मिळणार नाही. घरी बसला तर हा माणूस सगळ्या घराचे नळ उघडून ठेवील आणि दोन वर्षांत म्हातारा होईल. सोनमला इथून हलवता येत नाही. आत्यांना त्या थंडीत नेता येत नाही. पण हात-पाय धड असलेली दोन माणसं जाऊ शकतात. तिकडं काय होईल? काहीही होऊ शकतं. इथंही होऊ शकतं. बळ्ळारीत होईल असं तरी कुणी सांगितलं होतं? त्या दुपारी गाडीत पोराला मांडीवर घेऊन ती देवाला हाका मारत होती, आणि तो कुठं होता हे तिला आजही कळलं नव्हतं. पण हाक तिनं त्यालाच मारली होती. दुसरं कुणी सुचलं नव्हतं. आताही सुचत नव्हतं.

“तुम्ही एकटे जाणार नाही,” ती म्हणाली.

अविनाशनं मान वर केली. “तुला जायचं नाही ना?”

“नाही.”

“मग?”

“जायचं नाही आणि जाणार आहे. उठा, तोटी बसवा. भांडी तशीच पडलीत माझी.”

“आणि तिकडं काही झालं तर? मनीषा, मला दुसऱ्यांदा झेपणार नाही.”

“मलाही नाही झेपणार. त्याला ठाऊक असेल ते. आपण सही करताना त्याला एवढंच सांगू, की हे तू सांगितलंस असं आम्ही म्हणत नाही, पण तू बरोबर चल.”

मग त्यानं वायसर जागेवर बसवला आणि तोटी आवळायला घेतली. आटे दोनदा हुकले.

मनीषा घरात आली. बाहेर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजत होता, चारचा पाव आला होता. सोनम चिठ्ठ्यांच्या ढिगापाशी तशीच बसली होती. गंगाबाई पलंगावर जाग्या होत्या. मागून अविनाश ओले हात पुसत येऊन दारात उभा राहिला.

“ऐका,” मनीषा म्हणाली. “उद्या सकाळी हे सही करतायत. मे संपला की मी आणि हे बद्दीला जाणार. आत्या आणि सोनम इथंच राहतील, सोनमची परीक्षा होईपर्यंत. पुढचं पुढं बघू. खोल्या सोडायच्या नाहीत, मी आत्ताच जाऊन सुविधाताईंना सांगते.”

“आई, तू जाणार?” सोनम म्हणाली.

“मी जाणार.”